आवडतं पुस्तक दुसऱ्याला सांगायचं कसं?

‘तुमचं आवडतं पुस्तक कोणतं?’ या प्रश्नाला बहुतेकांकडे उत्तर तयार असतं. ‘का आवडतं?’ असं विचारलं की मात्र बोलणं अडतं. मग ‘अप्रतिम आहे’, ‘खिळवून ठेवतं’, ‘अंतर्मुख करतं’, ‘प्रत्येकाने वाचलंच पाहिजे’ अशी विशेषणं येतात. ती खोटी नसतात, पण कुठल्याही पुस्तकाला चिकटवता येतात, आणि ऐकणाऱ्याच्या हाती त्यातून काही लागत नाही. ज्या पुस्तकाने आपल्याला वर्षानुवर्षं सोबत केली, त्याच्याबद्दल एवढंच बोलून थांबणं मला त्या पुस्तकावर अन्याय केल्यासारखं वाटतं.

पुस्तक आवडण्याचं कारण जवळजवळ नेहमी पुस्तकातल्या एखाद्या नेमक्या जागी असतं. एखादा प्रसंग, एखादा संवाद, एखाद्या पात्राने घेतलेला निर्णय, कधी नुसतं एक वाक्य. तिथे आपल्या आत काहीतरी हललेलं असतं. ती जागा शोधायची आणि समोरच्याला दाखवायची, हे खरं काम. वाचनगटात पाच मिनिटं बोलायचं असो, तीन-चारशे शब्दांचं टिपण लिहायचं असो, की मैत्रिणीला फोनवर सांगायचं असो, पद्धत तीच राहते. ती मी इथे क्रमाने मांडते आहे.

पहिला टप्पा: एकच पुस्तक निवडा

‘माझी आवडती पुस्तकं खूप आहेत’ हे सगळ्याच वाचकांचं खरं असतं, पण दहा पुस्तकांबद्दल बोलायला गेलं की एकाबद्दलही धड बोलून होत नाही. बीबीसी रेडिओवर १९४२ साली ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला, तो आजही चालू आहे. निर्जन बेटावर एकट्याने राहायचं आहे असं समजून पाहुण्याने सोबत न्यायला आठ ध्वनिमुद्रणं निवडायची, आणि शिवाय एक पुस्तक. शेक्सपिअरचं समग्र साहित्य आणि बायबल किंवा दुसरा एखादा धर्मग्रंथ बेटावर आधीच असतो. ही अट मला फार आवडते. ज्यांचं मोठेपण सगळ्यांना मान्य आहे ते ग्रंथ बाजूला ठेवले की माणसाला आपलं स्वतःचं पुस्तक सांगावंच लागतं.

तुम्हीही तसंच करा. जी पुस्तकं ‘आवडतात’ म्हणणं शोभून दिसतं, ती मनातल्या मनात त्या बेटावर आधीच ठेवून द्या. उरलेल्यांतून निवडताना काही प्रश्न उपयोगी पडतात. कोणतं पुस्तक तुम्ही काही कारण नसताना पुन्हा उघडता? कोणत्या पुस्तकातली माणसं भलत्याच कामात असताना आठवतात? कुणी नेलेलं परत आलं नाही म्हणून कोणतं पुस्तक तुम्ही दुसऱ्यांदा विकत घेतलंत? कोणत्या पुस्तकाला कुणी नावं ठेवली तर तुम्हाला वाईट वाटतं? या प्रश्नांना जे नाव पुन्हा पुन्हा येतं ते घ्या.

ते नाव पुष्कळदा कुमारवयात किंवा विशीत वाचलेल्या पुस्तकाचं असतं. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या तर साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी जास्त निघतात, हे मानसशास्त्रज्ञांच्या अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे. तेव्हा जुनं पुस्तक आलं, अगदी लहान मुलांचं पुस्तक आलं, तरी संकोच नको. फक्त स्वतःला एक विचारून ठेवा: मला हे पुस्तक आजही आवडतं, की ते वाचत होते तेव्हाचे दिवस आवडतात? दोन्ही उत्तरं चांगली आहेत. पण तुमचं कोणतं, हे तुम्हाला ठाऊक असलं म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं.

दुसरा टप्पा: पुस्तक न उघडता लिहा

हा टप्पा लोक गाळतात, आणि खरी सामग्री इथेच मिळते. पुस्तक कपाटातच राहू द्या. कागद घ्या आणि त्या पुस्तकातलं जे आठवतं ते लिहून काढा. क्रम नको, वाक्यं नीट नसली तरी चालेल. मलपृष्ठावरचा मजकूर, इंटरनेटवरचे अभिप्राय, प्रस्तावना, काहीही वाचू नका. एकदा दुसऱ्याचे शब्द डोक्यात शिरले की आपले शब्द मागे सरतात.

दहा-पंधरा मिनिटांत कागदावर काय उतरतं ते बघण्यासारखं असतं. कथानक फारच थोडं आठवतं. त्याऐवजी एखादी खोली आठवते, कुणाचा तरी बोलण्याचा ढंग आठवतो, कुणी कुणाला न दिलेलं उत्तर आठवतं. मुख्य पात्राचं नाव आठवत नाही आणि दोन पानांपुरत्या आलेल्या म्हातारीचा चेहरा लख्ख आठवतो. हे सगळं टिपा. मनाने इतक्या वर्षांत जे सांभाळून ठेवलं ते काही कारणानेच ठेवलं आहे.

आता पुस्तक उघडा आणि ते प्रसंग शोधा. सगळं पुस्तक पुन्हा वाचता आलं तर उत्तमच, वेळ नसेल तर निदान आठवलेले प्रसंग आणि त्यांच्या आगेमागेची पानं वाचा. कागदावरचं आणि पुस्तकातलं ताडून पाहा. तुम्हाला लांबलचक आठवत असलेला प्रसंग प्रत्यक्षात अर्ध्या पानाचा निघतो, कुणाच्या तोंडचं वाक्य दुसऱ्याच कुणाचं निघतं, क्वचित तो प्रसंग पुस्तकात सापडतच नाही. जिथे जिथे असा फरक दिसेल तिथे खूण करा. त्या ठिकाणी तुम्ही पुस्तकात स्वतःचं काहीतरी मिसळलेलं आहे, आणि तुमच्या आवडीचं मूळ बहुधा त्याच्या आसपास असतं.

तिसरा टप्पा: ‘का’ विचारण्याआधी ‘कुठे’ विचारा

१९९३ साली मानसशास्त्रज्ञ टिमथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात विद्यार्थ्यांना काही भित्तिचित्रांतून एक निवडून घरी न्यायचं होतं. काहींना निवडण्याआधी आपल्या आवडीनिवडीची कारणं लिहायला लावली, काहींना नाही. कारणं लिहिणाऱ्यांची निवड वेगळी झाली, आणि काही आठवड्यांनी विचारलं तेव्हा तेच आपल्या निवडीवर कमी खूश होते. संशोधकांचं म्हणणं असं की शब्दांत सहज सांगता येणारी कारणं पुढे येतात आणि जी सांगायला अवघड असतात ती मागे राहतात. मग माणूस त्या सोप्या कारणांवरच विश्वास ठेवतो.

पुस्तकांच्या बाबतीत हे सतत घडतं. ‘भाषा ओघवती आहे’, ‘समाजाचं दर्शन घडतं’, ‘विषय आजही ताजा आहे’ ही सहज सुचणारी कारणं. म्हणून सुरुवात ‘का’पासून करू नका. आधी जागा दाखवा, मग त्या जागी काय घडतं ते सांगा, आणि त्यानंतर त्याने तुमचं काय झालं ते.

एक उदाहरण घेऊ. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आवडते असं म्हणणाऱ्याचं पहिलं वाक्य बहुधा असं असतं: ‘ग्रामीण जीवनाचं फार खरं चित्रण आहे.’ हे बरोबर आहे, पण हे वाक्य आणखी कितीतरी कादंबऱ्यांना चालेल. आता विचारा, कुठे? ‘तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो आणि लोक शाळेबाहेरच्या अडचणीही त्याच्याकडे घेऊन यायला लागतात, तो भाग.’ त्यात काय आहे? ‘तो परका आहे, वयाने लहान आहे, तरी हळूहळू वाडीचा होतो. पण लेखक त्याला वाडीचा उद्धार करणारा नायक बनवत नाही.’ मग? ‘सगळे मिळून तालीम उभी करतात, आणि पुढे दुष्काळ येतो. माणसं वाडी सोडून निघतात. मास्तरच्या हाती काही राहत नाही, पण पुस्तकात त्याबद्दल कुठे गळा काढलेला नाही.’ आणि तुमचं काय? ‘मी नोकरीत मन लावून उभं केलेलं एक काम बंद पडलं होतं, त्या वर्षी हे वाचलं. केलेलं टिकलं नाही म्हणून ते केलंच नव्हतं असं होत नाही, हे मला त्या शेवटाने दिलं.’

पहिल्या आणि शेवटच्या वाक्यामधलं अंतर पाहा. शेवटचं वाक्य फक्त त्याच वाचकाचं आहे आणि फक्त त्याच पुस्तकाबद्दलचं आहे. अशा वाक्यापर्यंत पोहोचेपर्यंत विचारत राहायचं. एकट्याने जमत नसेल तर कुणाला तरी समोर बसवा आणि त्याला फक्त ‘कुठे?’, ‘मग?’ आणि ‘तुझं काय?’ एवढंच विचारायला सांगा.

जागा सापडली तरी ती का भिडली हे उमगत नसेल, तर सिॲटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांची एक कल्पना मदतीला येते. १९९८ साली सगळ्या शहराने एकच पुस्तक वाचावं असा उपक्रम त्यांनी सुरू केला होता. त्या म्हणतात, वाचक पुस्तकात चार दारांनी शिरतो: गोष्ट, पात्रं, स्थळकाळ आणि भाषा. प्रत्येक पुस्तकाला चारही दारं असतात, पण प्रत्येकात कुठलं तरी एक अधिक रुंद असतं, आणि वाचकाचीही एका दाराकडे ओढ असते. तुमच्या आवडत्या चार-पाच पुस्तकांना हे लावून पाहा. तुम्ही कायम एकाच दाराने आत जाता असं आढळण्याची बरीच शक्यता आहे.

कधी कधी आपण एका दाराने आत जातो आणि दुसरंच सांगतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. ती का आवडतात असं विचारलं की ‘त्या काळचा समाज कळतो’ हे उत्तर येतं, म्हणजे स्थळकाळाचं दार. माझ्या मते बहुतेक वाचक तिथे भाषेच्या दाराने गेलेले असतात. पतीने धर्मांतर केल्यावर वाट्याला आलेली ताटातूट असो की वडिलांचं टोकाचं सोवळं असो, ही बाई समोर बसून बोलावं तसं बोलते, स्वतःची कीव करत नाही, आणि दुःखाच्या मध्यावर हसवते. जिला ते आवडलं आहे तिने समाजदर्शनाचं बोलू नये. तो हसवणारा परिच्छेदच वाचून दाखवावा.

चौथा टप्पा: स्वतःबद्दल किती सांगायचं ते ठरवा

काही जण पुस्तकाबद्दल बोलता बोलता पूर्ण स्वतःवर जातात, काही जण स्वतःला अजिबात येऊ देत नाहीत. मधला मार्ग सोपा आहे. ते पुस्तक तुमच्या हाती आलं तेव्हा तुम्ही कुठे होता हे एक-दोन वाक्यांत सांगा आणि पुन्हा पुस्तकाकडे या. आजारपण, मृत्यू, तुटलेलं नातं असं काही असेल आणि ते सांगावंसं वाटत नसेल तर ‘तो काळ माझ्यासाठी कठीण होता’ एवढं पुरतं. ऐकणारा उरलेलं समजून घेतो. दुसऱ्या कुणाची खासगी गोष्ट त्यात गुंतलेली असेल तर ती त्या माणसाला विचारल्याशिवाय सांगू नये.

पाचवा टप्पा: बोलण्याची किंवा लिहिण्याची घडण

सुरुवात त्या जागेपासूनच करा. लेखकाचा जन्म, त्याचे पुरस्कार, पुस्तकाच्या आवृत्त्या या माहितीने सुरुवात केली की पहिला मिनिट वाया जातो. पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव आणि अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव स्पष्ट सांगा. अनुवादकाचं नाव हमखास राहून जातं, आणि आपल्याला आवडलेलं प्रत्येक मराठी वाक्य त्यानेच लिहिलेलं असतं. मग प्रसंग, त्यानंतर प्रसंग समजायला लागेल तेवढंच कथानक, आणि मग तुमचं कारण.

कथानक सांगण्यात सर्वांत जास्त वेळ जातो आणि त्याचा सर्वांत कमी उपयोग होतो. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’चं (१९६७) पाहा. कर्णाचं काय होणार हे वाचकाला पहिलं पान उघडण्याआधीच ठाऊक असतं. तरी पिढ्यान्‌पिढ्या वाचक ती जाडजूड कादंबरी वाचतात, कारण तिथे कर्ण स्वतः बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, शोण, वृषाली बोलतात, आणि तीच हकिकत प्रत्येकाच्या तोंडून वेगळी ऐकू येते. अशा पुस्तकाबद्दल बोलताना कोणाचं निवेदन तुम्हाला अधिक जवळचं वाटलं आणि ते कुठे, हे सांगितलं की पुस्तक उभं राहतं. घटनांची जंत्री नको.

शेवट फोडायचा का? २०११ साली कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात असं दिसलं की लघुकथेचा शेवट आधी कळलेल्या वाचकांना ती कथा थोडी अधिकच आवडली. नंतरच्या काही अभ्यासांत याच्या उलटही निष्कर्ष निघाले. माझं मत असं की प्रश्न रस कमी होण्याचा नाहीच. शेवट आपण होऊन गाठण्याचा वाचकाचा हक्क असतो, तो आपण काढून घेऊ नये. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’बद्दल (१९३९) बोलताना एवढंच सांगावं की युरोपातून निघालेलं जहाज आहे, दुसरं महायुद्ध तोंडावर आहे, आणि चक्रधर आणि हॅर्टा नावाची ज्यू तरुणी यांना त्या प्रवासापुरताच वेळ मिळाला आहे. तिथे थांबावं. तुमची ‘जागा’ शेवटातच असेल, जशी वर ‘बनगरवाडी’च्या उदाहरणात होती, तर आधी विचारा: ‘कुणाला शेवट ऐकायचा नाही?’ एकाने जरी हात वर केला तर शेवटाआधीचा प्रसंग निवडा आणि तुमच्यावर काय परिणाम झाला ते सांगा, तो कशाने झाला ते राहू द्या.

पुस्तकातला उतारा मोठ्याने वाचणं हा सर्वांत परिणामकारक भाग आहे, पण त्याची तयारी लागते. छापील अर्ध्या पानाहून मोठा उतारा घेऊ नका. ज्यात चार-पाच नवी नावं येतात आणि प्रत्येकाची ओळख करून द्यावी लागते असा उतारा टाळा. घरी दोन-तीनदा मोठ्याने वाचा, अडखळता तिथे पेन्सिलीने बारीक खूण करा, श्वास कुठे घ्यायचा तेही ठरवा. बोली भाषेतले संवाद तुमच्या तोंडी बसत नसतील तर नाटकी हेल काढू नका, साध्या आवाजात वाचा, लेखकाचे शब्द पुरेसे असतात. आणि उतारा वाचून झाला की लगेच त्याचं स्पष्टीकरण सुरू करू नका. थोडं थांबा.

लिखित टिपणात हाच क्रम ठेवा. लिहून झालं की त्यातली सगळी विशेषणं खोडा आणि पुन्हा वाचा. ज्याच्यावाचून खरंच अडलं तेवढंच परत घ्या.

सहावा टप्पा: हे पुस्तक कुणासाठी नाही, तेही सांगा

आपल्या लाडक्या पुस्तकातलं उणं सांगताना जीव जड होतो. पण ‘पहिली साठ पानं संथ आहेत’, ‘यात हिंसेचे प्रसंग आहेत, ते जाणून मग घ्या’, ‘स्त्री-पात्रं पुसट आहेत’ असं तुम्ही सांगितलंत की तुमच्या बाकीच्या शब्दांना वजन येतं. भारतीय ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. त्यांतला दुसरा म्हणजे प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि तिसरा प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. ‘प्रत्येकाने वाचलंच पाहिजे’ या वाक्यात हे दोन्ही हरवतात. त्याऐवजी नेमका वाचक सांगा: ज्याला संथ गद्य आवडतं त्याने घ्यावं, नुकतंच घर सोडून परगावी गेलेल्याने वाचावं, आईवडिलांचं म्हातारपण सांभाळणाऱ्याने वाचावं.

सातवा टप्पा: दुसऱ्याचं ऐकताना

आवड सांगण्याइतकीच ती ऐकून घेण्याचीही तयारी हवी. कुणी आपल्या पुस्तकाबद्दल बोलत असताना ‘त्याच लेखकाचं दुसरं वाचलंस का? ते याहून चांगलं आहे’ असं म्हणणं म्हणजे त्याचं बोलणं तिथेच संपवणं. आधी त्याच्या जागेबद्दल विचारा. पहिल्यांदा वाचताना असंच वाटलं होतं का? त्या पात्राच्या ठिकाणी दुसरं कुणी असतं तर? पुन्हा वाचताना काय बदललं? प्रश्न त्याच्या पुस्तकाबद्दल असावेत, तुमच्या वाचनाबद्दल नसावेत.

तुम्हाला न आवडलेलं पुस्तक समोरच्याचं आवडतं निघालं तर मत लपवायची गरज नाही. पण तुम्हीही तुमचं मत जागेसकट सांगा. ‘मला कंटाळवाणं वाटलं’ यावर बोलणं पुढे जात नाही. ‘नायक तिसऱ्या प्रकरणात बहिणीशी जसा वागतो, त्यानंतर माझा त्याच्यावर विश्वास उरला नाही’ यावर तासभर बोलता येतं. तुमच्या पुस्तकावर कुणी असं बोललं तर वकिली करू नका. ती जागा पुन्हा वाचून पाहीन म्हणा आणि खरंच वाचा.

कुणी प्रेमाने दिलेलं पुस्तक पुढे सरकतच नसेल, तर नॅन्सी पर्ल यांचाच एक नियम वापरता येतो: पन्नास पानं वाचा आणि मग ठरवा. वय पन्नासच्या वर असेल तर शंभरातून वय वजा करा, जी संख्या उरेल तेवढी पानं वाचा. साठीच्या वाचकाला चाळीस पानं पुरे. सोडलंत तर देणाऱ्याला कुठे सोडलं ते सांगा. पुष्कळदा तो म्हणतो, ‘अजून दहा पानं वाच.’

चार माणसं जमवायची असतील तर

सहा ते आठ जण पुरेत. प्रत्येकाला पाच मिनिटं बोलायला आणि पाच मिनिटं प्रश्नांना. आठ जण धरले तरी दीड तासाच्या आत होतं. पुस्तकाची प्रत प्रत्यक्ष आणायला सांगा, हातात घेऊन चाळता आली की ऐकलेलं पक्कं होतं. नवख्यांना पहिलं बोलायला लावू नका, आणि जो भरभरून बोलतो त्याला शेवटी ठेवा. विषय ठरवून द्यायचा असेल तर ‘आवडती कादंबरी’पेक्षा ‘मी दोनदा वाचलेलं पुस्तक’ किंवा ‘ज्याने माझं एखादं मत बदललं ते पुस्तक’ असा द्या, म्हणजे कारण विषयातच येतं.

एकाने वही सांभाळावी. प्रत्येक पुस्तकासाठी नाव, लेखक, अनुवादक, प्रकाशक, सांगणारा कोण, आणि त्याने सांगितलेली जागा एका वाक्यात. पान क्रमांक लिहिलात तर आवृत्तीही लिहा, कारण आवृत्तीगणिक पानं बदलतात. उजवीकडे एक रकाना मोकळा सोडा: पुढे ते पुस्तक दुसऱ्या कुणी वाचलं की त्याने तिथे आपली जागा लिहायची. आणि प्रती एकमेकांना द्यायच्या असतील, तर कुणाची प्रत कुणाकडे आणि कोणत्या तारखेला गेली, ते त्याच वहीच्या शेवटच्या पानापासून उलट लिहीत या.